मटिल्डा आणि न लावलेला निळा

१५ जून २०२५, रविवार

कपाटावर चादरींच्या मागे तीन वर्षं पडून असलेली पेटी आज खाली काढली. तामिया या जपानी कंपनीचं जोडायचं प्लास्टिक मॉडेल, मटिल्डा, खऱ्याच्या १/३५ मापात. दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिशांचा पायदळाबरोबर चालायचा रणगाडा. जाड कातडीचा, संथ, चार माणसांचा. मला ती हवी आहे डिसेंबर १९४० मधली, इजिप्तच्या वाळवंटातली, अंगावर कॉन्टर पद्धतीचे तीन रंगांचे तिरके पट्टे असलेली. जर्मन गाड्यांवरचे मऊ कडांचे ढग दोनदा करून झालेत. त्यात हात थोडा इकडेतिकडे गेला तरी खपून जातं. कॉन्टरमध्ये मात्र सगळ्या कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ. चूक झाली की दारातून दिसते.

स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, भांड्यांच्या साबणाने धुतले. साच्यातून प्लास्टिक सुटावं म्हणून लावलेला तेलकटपणा राहिला तर पुढे रंग पापुद्र्यासारखा सुटतो. हे मी एका पँथरवर शिकलोय. बाल्कनीच्या दोरीवर चिमटे लावून वाळत घातले. आई म्हणाली, "अरे, पनवेलचा पाऊस, घरात कपड्यांना जागा नाही, आणि तू खेळणी वाळत घालतोस?" सगळं पंख्याखाली हलवलं.

१७ जून

खालचा सांगाडा आणि चाकं. एका बाजूला दुहेरी चाकांच्या पाच बोग्या, शिवाय पुढे एक मोठं चाक. एवढं कापा, कानशीने घासा, चिकटवा, आणि शेवटी ते सगळं बाजूच्या चिलखती पत्र्याआड जाणार. आतल्या चाकांच्या शिवणी घासल्याच नाहीत. कुणी बघणार नाही.

२२ जून, रविवार

नगरला मावसभावाच्या साखरपुड्याला जायचं होतंच. (आता अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच आहे.) सकाळचे दोन तास मोकळे मिळाले ते रणगाडा संग्रहालयात घालवले. १९९४ पासून आहे. सगळ्या गाड्या उघड्यावर बागेत मांडलेल्या. लोक पॅटन रणगाड्यापाशी फोटो काढतात, कारण १९६५ च्या युद्धातली पॅटनची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मटिल्डापाशी मी एकटाच होतो.

पेटीवरच्या चित्रात ती बुटकी वाटते. प्रत्यक्षात अडीच मीटर उंच आहे. माझ्या मॉडेलमध्ये ते सात सेंटिमीटर होतील आणि साडेपाच मीटरहून जास्त लांबीचे सोळा. समोरचं चिलखत सर्वांत जाड जागी ७८ मिलिमीटर. या मापात भागलं तर सव्वादोन. १९४० मध्ये इटालियनांकडे असलेल्या रणगाडाविरोधी तोफा या जाडीपुढे हात टेकायच्या. तोफ मात्र दोन पौंडी, चाळीस मिलिमीटरची, म्हणजे मॉडेलमध्ये नळीचं भोक टूथपिकच्या टोकाएवढं.

पण मी गेलो होतो पृष्ठभाग बघायला. तोफ बसवलेला वरचा बुरूज ओतीव आहे, आणि ओतीव पोलाद गुळगुळीत नसतं. हात फिरवला तर आईच्या बिडाच्या तव्याची पाठ आठवली. बारीक खरबरीत, मध्येच एखादा उंचवटा, साच्याची शिवण घासून काढल्याची ओबडधोबड रेघ. बाजूचा पत्रा त्या मानाने सपाट. त्यात चिखल गळून पडायला उतरत्या खिडक्या ठेवलेल्या. मॉडेलमध्ये बुरूज आणि पत्रा दोन्ही सारखेच तुळतुळीत आहेत, ते बदलायला हवं.

साखरपुड्याला अर्धा तास उशीर झाला. मावशी बोलली नाही, नुसतं घड्याळाकडे बघितलं.

२५ जून

लांबी (पुट्टी) पातळ केली आणि ताठ केसांचा जुना ब्रश आणखी आखूड कापून बुरुजावर टोचत गेलो. पहिल्यांदा चिक्कीसारखं झालं. मापाचा हिशेब विसरलो होतो. खऱ्या बुरुजावरचा दोन मिलिमीटरचा खडबडीतपणा इथे केसाएवढासुद्धा राहत नाही. ओल्या पॉलिश पेपरने जवळजवळ सगळं घासून टाकलं. जे उरलं ते बरोबर आहे, डोळ्यांना कळत नाही पण बोटाला कळतं. तवा समोर ठेवून काम केलं. तो वेळेवर परत न गेल्याने भाकऱ्या उशिरा झाल्या, त्याचं ऐकून घेतलं.

२८ जून

बुरूज उचलायचा एक आकडा चिमट्यातून उडाला. टॉर्च फरशीला टेकवून आडवा प्रकाश टाकला, केराची सुपली चाळली, पायपुसणं झटकलं. नाही. स्टेपलरची पिन वाकवून नवा केला. खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा बारीक आणि बरा दिसतो.

२ जुलै

सांगाडा जुळला. राखाडी अस्तराचा एक हात दिला. शिवणी दिसल्या, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं, पुन्हा अस्तर. यात लिहिण्यासारखं काही नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

घरात साबुदाण्याची खिचडी, टीव्हीवर पंढरपूर, टेबलावर आइस्क्रीमचे बारा पांढरे चमचे. आज फक्त रंग मिसळायचे.

आधी हा प्रकार काय आहे ते लिहून ठेवतो. ही पद्धत ब्रिगेडियर जॉन कॉन्टर यांच्या नावाने ओळखली जाते. ते उत्तर आफ्रिकेत चौथ्या आर्मर्ड ब्रिगेडचे प्रमुख होते. १९४० च्या उन्हाळ्यात मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश फौजेने गाड्यांसाठी तिचा हुकूम काढला. तळाला पिवळसर फिकट रंग, लाइट स्टोन किंवा त्याहून उजळ पोर्टलंड स्टोन. त्यावर सिल्व्हर ग्रे आणि स्लेट यांचे तिरके पट्टे. सुदानातल्या गाड्यांसाठी स्लेटच्या जागी फिकट जांभळट तपकिरी. वाळवंटात लपायला झाड नाही, झुडूप नाही, त्यामुळे गाडी दिसणार हे गृहीतच धरलं होतं. पट्ट्यांचं काम एवढंच की समोरचं धूड कुठे संपतं, कोणत्या दिशेला तोंड करून आहे आणि किती लांब आहे, याचा अंदाज तोफेमागच्या माणसाला पटकन येऊ नये. १९४१ च्या अखेरीस हा खटाटोप सोडून सरसकट एकच वाळूचा रंग देऊ लागले.

आता भांडणाचा मुद्दा, सिल्व्हर ग्रे. वर्षानुवर्षं मॉडेल करणाऱ्यांनी तो आकाशी निळा रंगवला. लहानपणी मी पाहिलेल्या सगळ्या चित्रांत मटिल्डाच्या अंगावर शाळेच्या शर्टासारखा निळा पट्टा असायचा. दुरुस्त करून नव्याने रंगवलेल्या खऱ्या गाड्यासुद्धा निळ्या झाल्या. त्या काळचे बहुतेक फोटो कृष्णधवल, त्यामुळे ते साक्षीला उपयोगाचे नाहीत. ब्रिटिश रंगमानकांत मात्र २८ क्रमांकाचा सिल्व्हर ग्रे म्हणजे हिरवट झाक असलेला फिकट राखाडी. त्यात निळा नाही.

माझी आजची मिश्रणं, ड्रॉपरच्या थेंबांत, सगळी तामियाच्या अॅक्रिलिकची. पिवळसर: बफ ८, पांढरा ३, डार्क यलो १. सिल्व्हर ग्रे: ग्रे ग्रीन ५, पांढरा ४, बफ १. स्लेट: फील्ड ग्रे ७, पांढरा १. लहान मापाच्या वस्तूवर मूळ रंग गडद भासतो म्हणून तिन्हीत पांढरा थोडा सढळ टाकला.

सिल्व्हर ग्रेचा चमचा वाळला आणि मी खट्टू झालो. मळकं फडकं. अचूक असेल, पण याच्यासाठी तीन वर्षं वाट बघितली? त्यात निळ्याचा एक थेंब टाकायचा मोह झाला. बाटलीचं झाकणही उघडलं होतं.

१२ जुलै, शनिवार

एअरब्रश, म्हणजे रंग फवारायची छोटी गन, थुंकतोय. दर चारपाच सेकंदांनी पाण्याचा एक टिपूस, आणि पिवळ्या थरावर देवीच्या व्रणासारखे खड्डे. पावसाळ्याची दमट हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली की पाणी सुटतं हे ठाऊक होतं, पण एवढं?

मागच्या गल्लीत गणपतीचा कारखाना आहे. पेणहून कच्च्या मूर्ती येतात आणि रंगकाम इथे होतं. या दिवसांत तिथे दिवसरात्र गन चालू असते. मूर्तिकार काकांकडे एअरब्रश घेऊन गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टाकी कधी रिकामी केलीस?" मला टाकी रिकामी करायची असते हेच माहीत नव्हतं. घरी येऊन कॉम्प्रेसरच्या बुडाची चावी सोडली तर वाटीभर गढूळ पाणी निघालं. त्यांची दुसरी सूचना म्हणजे नळी सरळ गनला न आणता मध्ये एक मोठा वेटोळा जमिनीपर्यंत सोडायचा. हवा तिथे गार होते आणि पाणी वेटोळ्यातच अडकतं. विकतचा पाणी अडवणारा फिल्टर माझ्याकडे आहे, तो गनच्या तोंडाशी लावलेला होता. वेटोळ्यानंतर लावला. थुंकणं बंद.

१३ जुलै, रविवार

काल चमचे खिशातच राहिले होते, ते काकांना दाखवले. ते त्या वेळी एका दोन फुटी मूर्तीच्या पितांबरावर सावल्या मारत होते. सिल्व्हर ग्रेचा चमचा त्यांनी घेतला, पितांबराच्या पिवळ्याला टेकवला आणि म्हणाले, "बघ." चमचा निळा झाला होता. निळसर वगैरे नव्हे, चांगला निळा. उचलला की पुन्हा मळकं फडकं.

"राखाडीच आहे रे ती. पिवळ्याच्या मांडीवर बसवलीस की निळी दिसणारच. आम्ही पितांबराच्या घडीत निळा कुठे भरतो? राखाडीच भरतो."

घरी येऊन खात्री केली. पिवळ्या मिश्रणाने एक कार्ड रंगवलं, मध्ये सिल्व्हर ग्रेचा पट्टा ओढला. लांब धरून बघितलं तर निळा. मग पांढऱ्या कागदाला पंचिंग मशीनने भोक पाडलं आणि कागद असा ठेवला की भोकातून फक्त पट्टा दिसावा, पिवळा झाकला जावा. भोकात हिरवट राखाडी. कागद काढला की निळा. दहा वेळा केलं. बायकोला बोलावून केलं. तिने दोनदा बघितलं आणि म्हणाली, "बरं. गॅसवर दूध आहे."

म्हणजे लोकांनी निळा बघितला हे खोटं नव्हे. डोळ्याला तो दिसतोच. चूक पुढे झाली, डोळ्याला दिसलेला निळा बाटलीतून आणून लावला. तो पिवळ्याशेजारी बसला की दुप्पट निळा होतो. माझी निळ्याची बाटली आज परत कपाटात गेली.

१६ जुलै

पिवळ्याचे तीन पातळ हात, दोन हातांत वीस मिनिटं. छान बसला. पावसाळी हवेत वाळायला दोन दिवस देणार आहे, घाई नाही.

१९–२० जुलै, शनिवार-रविवार

रंग अडवायच्या चिकटपट्ट्या लावणे. या दोन दिवसांबद्दल लिहायलाच हवं, कारण या प्रकल्पाचं सगळं बरंवाईट इथे ठरतं.

कागदावर सरळ रेषा सोपी असते. मटिल्डाच्या अंगावर ती वाकड्या नाकावरून चढते, चालकाच्या झाकणाला ओलांडते, पत्र्याच्या पायरीवरून खाली उतरते, मध्ये दिवे आणि आकडे. पट्टी नुसती चिकटवली तर प्रत्येक चढउताराला ती आपली दिशा थोडी बदलते आणि शेवटी रेषा भलतीकडेच पोचते. म्हणून शिवणाचा पांढरा दोरा घेतला. एक टोक नाकावर पिनने अडकवलं, दुसरं मागे ताणून धरलं, एक डोळा मिटून बरोबर वरून बघितलं आणि दोरा जिथे जिथे दिसला तिथे पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले. मग सहा मिलिमीटरची पट्टी उभी चिरून दोन मिलिमीटरच्या फिती केल्या आणि ठिपक्यांवरून नेल्या. अरुंद फीत खाचाखोचांत बसते, रुंद बसत नाही. कोपऱ्यांत टूथपिकने दाबली.

मग सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सिल्व्हर ग्रे मारण्याआधी फितींच्या कडेवरून पुन्हा एकदा पिवळाच मारला. फटीतून आत घुसायचं ते पिवळं घुसतं आणि फट बुजते, त्यामुळे नंतरचा राखाडी आत जाऊ शकत नाही. एका हाताचं काम वाढतं, पण कड सुरीने कापल्यासारखी येते.

पट्ट्यांचा नमुना डाव्या बाजूसाठी बटर पेपरवर उतरवून घेतला. उजव्या बाजूला तोच कागद उलटा करून वापरला. बुरुजावर तोफ सरळ पुढे ठेवून खालच्या पट्ट्यांना जुळतील असे पट्टे आणले.

२३ जुलै

सिल्व्हर ग्रे झाला. फिती काढल्या. काढताना श्वास रोखला होता हे नंतर लक्षात आलं. डाव्या फेंडरवर नखाएवढा तुकडा अस्तरासकट उचलला गेला. लांबी घासल्यावर तिथे अस्तर द्यायचं राहिलं होतं. बाकी कडा देखण्या.

आणि हो, निळा दिसतोय.

२६ जुलै, शनिवार

स्लेटसाठी फिती लावायला बसलो, संदर्भाचं रेखाचित्र पुन्हा उघडलं आणि उजवी बाजू बघून हातातली फीत खाली ठेवली.

उजवी बाजू डाव्या बाजूचं आरशातलं प्रतिबिंब नाही. पट्टे एका अंगावरून वर चढून पाठीवरून दुसऱ्या अंगावर उतरतात, म्हणून दोन्हीकडचा नमुना वेगवेगळा. रेखाचित्रात चारही बाजू शेजारी शेजारी छापलेल्या आहेत. मी त्यातली एकच पाहिली, बटर पेपर उलटा केला आणि आठवडाभर स्वतःवर खूश राहिलो.

पर्याय होते. ही बाजू भिंतीकडे करून ठेवायची. पण काचेच्या कपाटामागे आरसा आहे.

१००० नंबरच्या ओल्या पेपरने राखाडीची कड घासली, नाहीतर पिवळ्याखाली पायरी दिसली असती. मग उजव्या बाजूवर पुन्हा पिवळ्याचे दोन हात. आज फक्त तेवढं.

२ ऑगस्ट

उजवी बाजू नव्याने. दोरा, ठिपके, फिती, पिवळा, राखाडी. मागच्या वेळी दोन दिवस लागले होते, या वेळी चार तास. मग स्लेट, दोन्ही बाजूंना. स्लेट हा तिन्हीत गडद, हिरवट करडा, आणि तो आल्याबरोबर बाकीचे दोघे शहाण्यासारखे वागायला लागले. सिल्व्हर ग्रेचा निळेपणा स्लेटच्या शेजारी थोडा ओसरतो आणि पिवळ्याच्या शेजारी टिकून राहतो. एकाच पट्ट्याच्या दोन कडा दोन रंगांच्या दिसतात. यासाठी मी काहीही वेगळं केलेलं नाही.

१० ऑगस्ट, रविवार

चकचकीत वार्निशचा हात, मग नाव-चिन्हांच्या चिकटवायच्या खुणा. मॅट रंगावर खुणा चिकटवल्या की त्यांच्याखाली हवा राहते आणि पातळ पापुद्रा चंदेरी चमकतो, म्हणून आधी चकाकी.

गाडी सातव्या रॉयल टँक रेजिमेंटची. त्यांच्या रणगाड्यांची नावं इंग्रजी जी या सातव्या अक्षरावरून असत, चौथ्या रेजिमेंटची डी वरून. याच सातव्या रेजिमेंटच्या मटिल्डा ९ डिसेंबर १९४० च्या पहाटे निबैवाच्या इटालियन छावणीत मागच्या बाजूने घुसल्या. इटालियन रणगाड्यांना हलायलाही फुरसत मिळाली नाही आणि त्यांचे जनरल मालेत्ती तिथेच मारले गेले. मटिल्डांच्या पाठोपाठ लॉऱ्यांतून आलेलं पायदळ होतं चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या अकराव्या ब्रिगेडचं, कॅमेरॉन हायलँडर्स आणि राजपुताना रायफल्स.

सुरुवातीला सुदानच्या जांभळट तपकिरी पट्ट्यांचा विचार मी मराठ्यांमुळे केला होता. मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातल्या केरेनच्या डोंगरांवर पाचव्या भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन लढली, आणि त्या मोहिमेत चौथ्या रेजिमेंटच्या एका स्क्वाड्रनच्या मटिल्डाही होत्या. त्या गाड्यांच्या अंगावर नक्की कोणता तिसरा रंग ठेवायचा यावर माझं मन ठरेना, म्हणून इजिप्तवर आलो. पण घाट आणि मराठे आणि मटिल्डा हे चित्र डोक्यातून जात नाही. दुसरी पेटी घ्यावी लागेल. हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. कॅमलच्या बर्न्ट अंबर तैलरंगात भरपूर टर्पेंटाइन, बारीक ब्रशने रिव्हेटांच्या बुडाशी आणि झाकणांच्या फटींत. वर पसरलेलं कोरड्या ब्रशने पुसलं.

गंज लावायचा नाही हे ठरवलंय. मॉडेल करणाऱ्यांना गंजाचा फार सोस. चहाच्या टपरीवरच्या पत्र्यासारखे रणगाडे करून ठेवतात. या गाड्या ऑगस्ट १९४० मध्ये इंग्लंडहून निघालेल्या जहाजांतून इजिप्तला आल्या. डिसेंबरमध्ये त्यांच्यावरचा रंग फार तर दोनेक महिन्यांचा असणार, आणि हवा कोरडी. वाळूने घासून पत्र्याच्या खालच्या कडा उघड्या पडतील, तेवढ्यावर पेन्सिलीचं शिसं बोटाने चोळलं. माणसं जिथे पाय देऊन चढतात तिथेही थोडं.

१७ ऑगस्ट, रविवार

धूळ. परदेशी पिगमेंटची बाटली संपली होती. बाथरूमच्या फडताळात मुलतानी मातीचं पाकीट दिसलं. रंग बघितला, बोटावर चोळून बघितली. विकतच्यापेक्षा बारीक. मलमलच्या तुकड्यातून गाळून ब्रशने पत्र्याच्या खालच्या भागावर, ट्रॅकवर आणि मागच्या जाळ्यांवर टाकली, वर थिनरचे थेंब सोडले. वाळल्यावर घट्ट बसली. एकच अडचण, पाकीट गुलाबपाण्याचं होतं. सबंध उत्तर आफ्रिकेत एवढा सुवासिक रणगाडा झाला नसेल.

संध्याकाळी मूर्तिकार काकांना दाखवायला नेली. डोळ्यांची आखणी चालू होती, म्हणून दारातच थांबलो. हात धुऊन आले, चष्मा वर केला, गाडी उजेडात फिरवली आणि म्हणाले, "निळा मस्त उतरलाय." मी तोंड उघडलं तेव्हा ते हसत होते.

बायकोने घरात पाऊल टाकल्या टाकल्या विचारलं, "माझी मुलतानी माती कुठे गेली?"

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. टेबल उद्या मखरासाठी रिकामं हवं, आईने दोनदा सांगितलं. एकच गोष्ट राहिली होती, बुरुजावरची एरियल. खराट्याचा हीर लावून बघितला, मापात खांबासारखा दिसला. मग स्प्रूचा उरलेला तुकडा मेणबत्तीवर धरला, मऊ पडला की दोन्ही टोकं ओढायची. पहिला तुटला, दुसऱ्याने पेट घेतला, तिसरा वाकडा, चौथा जाड. पाचवा केसासारखा निघाला, सरळ, वर जाताना हळूहळू बारीक होत गेलेला. सहा सेंटिमीटरवर कापून चिकटवला. पंखा बंद केलाय, वाळेपर्यंत कुणी लावू नका म्हणून बटणावर पिवळी पट्टी चिकटवून ठेवलीय.